घड्याळ मीच निवडलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. आणि प्रज्ञाला, म्हणजे माझ्या लेकीला, तर सांगणं शक्यच नाही. आता सांगायला बसलेय तर शब्द अडतोय — कुठून सुरुवात करावी? घड्याळापासून करते. त्या घड्याळाचा काही दोष नाही, पण मला सगळं तिथूनच आठवतं.

आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. नोकरीची बरीच वर्षं नांदेडला गेली, मीही तिथंच बँकेत होते. निवृत्त झाल्यावर लातूरला घर बांधलं नि राहायला आलो. नोकरीत असताना एका वरिष्ठ साहेबांपायी यांना गोल्फचा नाद लागला होता. लातुरात गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, ते बड्या लोकांचं असतंय ना? पण यांच्यासारखे चार-पाच नादिष्ट इथंही निघाले. त्यातल्या एकाची औसा रोडला पडीक जमीन होती. नुसता मुरमाड माळ, गवताची काडी नाही. तिथं यांनी सहा ठिकाणी भोकं पाडली, भोकांभोवती तेल कालवलेली वाळू पसरून सारखी केली, बांबूंना लाल फडकी बांधली, झालं मैदान. बुधवारी नि रविवारी सकाळी हे काठ्यांची पिशवी डिकीत टाकून जायचे नि जेवायच्या वेळेला यायचे. बूट मुरमानं तांबडे झालेले. मी ते मागच्या दारी काढायला लावायची.

एका बुधवारी बूट स्वच्छ होते.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. बँकेत हा माझा गुण म्हणून खपून गेला. एखादी सही मला खटकली की साहेबसुद्धा पुन्हा निरखून बघायचे. घरात मात्र संशयाचं काय करायचं असतं? पुढच्या बुधवारी मी पुन्हा बूट पाहिले — स्वच्छ. रविवारी तांबडे. नंतरच्या बुधवारी परत स्वच्छ, आणि जेवायला उशीर. म्हणे, "आज गर्दी होती." माळावर गर्दी? पाच माणसांची? संशय आला की मी भांडत नाही, गप्प बसते नि बघत राहते. भांडले असते तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

मनात काय आलं ते वेगळं सांगायला नको. बुधवारी हे दाढी जरा जास्तच घोटून करतात, असं मला दिसायला लागलं. करत होते की मला दिसत होतं, ते आज सांगता यायचं नाही.

त्याच सुमारास यांची एकसष्टी आली. लेक-जावई नांदेडला असतात. जावई, अनिकेत, मनानं निर्मळ, आणि यंत्रं म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोघं आले होते. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर दोन वस्तू दाखवल्या. "बाबा, यातलं काय घेऊ सांगा. हे लेझर, नि हे जीपीएसचं घड्याळ. झेंडा किती लांब हाय ते दोन्हीत कळतंय."

यांनी विचारसुद्धा केला नाही. लेझर! दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, झेंड्यावर धरायचं, बटण दाबलं की आकडा समोर. आयुष्यभर कालवे मोजलेला माणूस, त्यांना ते आवडणारच. म्हणाले, "घड्याळात मोठमोठ्या मैदानांचे नकाशे भरलेले असतात. आपला माळ कुठल्या नकाशात असतोय रे? लेझरला नकाशा लागत न्हाई. दिसलं ते मोजलं."

अनिकेतनं दोन्ही बाजू सांगितल्या. घड्याळातही खुणा करता येतात, एकेका झेंड्यापाशी उभं राहून बटण दाबून ठेवायचं. अंतरात थोडाफार फरक पडतो, पण मनगटाकडं बघितलं की काम झालं. लेझर अचूक खरं, पण नेम हलला तर ते झेंड्याचं सोडून मागच्या लिंबाच्या झाडाचं अंतर दाखवतं. मग सहज म्हणून गेला, की या घड्याळात सिम बसतं. फोन बंद असला तरी घड्याळावर बोलता येतं. आणि माणूस कुठं आहे ते घरच्यांना बघता येतं.

मी पानदान पुसत होते. हात थांबला.

हे खेळायला गेले की फोन बंद करून गाडीत टाकायचे. खेळताना वाजलेला चालत नाही म्हणे. म्हणजे एरवी मला काही कळायची सोय नव्हती.

"घड्याळच घे," मी म्हणाले.

"अगं, पण मला लेझर —"

"तुमचा हात थरथरतो," मी जावयासमोर म्हणाले. "ते लेझर कसलं स्थिर धराल?"

हात थरथरत होता का? थोडासा. सकाळी कप बशीत ठेवताना बारीक आवाज व्हायचा. तो मी ऐकते हे त्यांना माहीत होतं, आणि मी त्यावर कधी बोलत नाही हेही माहीत होतं. आमच्या दोघांतली गोष्ट होती ती. ती मी लेकी-जावयासमोर टाकली, कारण मला त्यांच्या मनगटावर माझा डोळा बसवायचा होता. यांनी आपल्या हाताकडं पाहिलं नि तो हळूच मांडीखाली घेतला. "बरं. घड्याळ घे," म्हणाले.

घड्याळ आलं तेव्हा मी अनिकेतला स्वयंपाकघरात गाठलं. माळावर उन्हानं चक्करबिक्कर आली तर मला कळायला पाहिजे, माझ्या फोनवर ते दिसायची सोय करून दे. पण बाबांना बोलू नको, त्यांना वाटंल आपल्याला म्हातारा समजून राहिलेत. तो म्हणाला, "हाव आई, बरोबर हाय तुमचं." मला वाटतं त्याला माझं कौतुकच वाटलं.

पहिल्याच बुधवारी मी फोन घेऊन देवघरापाशी बसले. औसा लातूरच्या एका अंगाला. आमच्या ह्यांचा नकाशावरचा ठिपका निघाला भलतीकडंच, नांदेडच्या रस्त्याला. चाकूर मागं पडलं. मग वळून जळकोट. गावात शिरला, मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत गेला नि थांबला.

ती गल्ली मला माहीत होती. तिथं अक्कांचं घर.

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. यांची आई लवकर गेली, अक्कांनीच यांना लहानाचं मोठं केलं. शाळेत मास्तरीण होत्या. नवरा तरणाताठा असताना गेला, मूलबाळ नाही. यांच्यावर आणि मागाहून प्रज्ञावर त्यांनी जीव लावला. आणि त्या घराचा उंबरा चढायला मी यांना बंदी घातली होती. कितीतरी वर्षांपूर्वी.

त्याचं असं झालं. प्रज्ञाला लहानपणी फिट यायच्या. औषधांनी थांबल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. आम्हा तिघांशिवाय ते ठाऊक होतं फक्त अक्कांना. पुढं उदगीरचं एक चांगलं स्थळ जवळजवळ ठरलं, आणि एक दिवस निरोप आला, मुलीच्या फिटचं आम्हाला कळलंय, पुढं जायला नको. कुणी सांगितलं? मला विचार करायची गरजच पडली नाही. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं जळकोटला गेले. अक्का ओट्यावर शेजारणींबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्या सगळ्यांसमोर म्हणाले — हे वाक्य पुन्हा उच्चारायला मला इतकी वर्षं लागली — म्हणाले, "तुमची कूस उजवली न्हाई, म्हणून माझ्या लेकीचं बघवलं न्हाई तुम्हाला."

अक्का उठल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शैला, म्या न्हाई सांगितलं गं. प्रज्ञाचं वाईट माझ्या तोंडून कसं निघंल?"

मी घरी येऊन यांना शपथ घातली. अक्काच्या दारात पाय टाकलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. यांनी वाद घातला नाही. राखी पोस्टानं यायची, ती मी बाजूला ठेवायची. नंतर तीही यायची बंद झाली. भाऊबीजेला दुपारी हे अंगणात उगाच फेऱ्या मारायचे, मी आतून बघायची.

तर तो ठिपका तिथं थांबला होता. बाई नव्हती, बहीण होती. मला हलकं वाटायला पाहिजे होतं ना? वाटलं, घटकाभर. मग वाटलं, दुसरी बाई असती तर परवडलं असतं.

का ते सांगते. इथपर्यंत आलेच आहे.

अक्का खरं बोलत होत्या, हे मला तोपर्यंत कळून चुकलं होतं. प्रज्ञाचं अनिकेतशी लग्न झालं, ती पहिल्या दिवाळीला आली, तेव्हाची गोष्ट. मी अनारसे तळत होते, ती खसखस लावून देत होती. आणि एकदम म्हणाली, "आई, त्या उदगीरच्या मुलाला मीच सांगितलं होतं. लपवून लग्न नव्हतं करायचं मला. अनिकेतलाबी मी पहिल्याच भेटीत सांगितलं." मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस? तर म्हणाली, "तू इतकी पेटली होतीस, मी भ्याले. अक्काआत्याला तू काय बोललीस ते मला लई उशिरा कळलं. आपण जाऊ या ना तिच्याकडं. बाबांनाबी सांगू."

मी झारा कढईवर आपटला नि म्हणाले, "मी बघते काय करायचं ते. तू बाबांना यातलं अक्षर बोलू नको."

मी बघते! काय बघितलं मी? काही नाही. प्रज्ञानं एक-दोनदा फोनवर विचारलं, गेलीस का गं? मी म्हणाले, जाईन. मग तिला मुलगी झाली, ती तिच्या संसारात बुडाली नि विचारायची थांबली. मला फक्त जळकोटला जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे आधीचं माझं वाक्य पुन्हा उचलावं लागणार होतं, आणि यांच्यासमोर. यांनी माझ्या शपथेखातर सोडलेल्या त्या सगळ्या भाऊबीजा — त्या फुकट सोडल्या होत्या, हे मी त्यांना सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. दिवस जात राहिले, नि जितके जास्त गेले तितकं ते अवघड होत गेलं.

म्हणून आता तो ठिपका बघितला की माझ्या मनात एकच. तिथं बसून दोघं काय बोलत असतील? अक्का काय सांगत असतील माझ्याबद्दल? बुधवारी हे परत आले की मी जेवण वाढताना त्यांचा चेहरा निरखून बघायची. "खेळ कसा झाला?" विचारायची. "बरा झाला," म्हणायचे. दोघंही खोटं बोलत होतो. पण त्यांच्या खोट्यात आणि माझ्या खोट्यात फरक होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

थंडी पडली तसा ठिपका बुधवारशिवायही जळकोटला जायला लागला. एकदा गाडीतून गॅसची शेगडी काढायला मी डिकी उघडली. काठ्यांच्या पिशवीमागं मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं होतं, एक मऊ चादर नि बारीक रवा. मी डिकी बंद केली. म्हणजे अक्का अंथरुणाला खिळल्यात, हे मला माहीत झालं. मला माहीत नव्हतं असं मी कधी म्हणू शकणार नाही.

मग एका संध्याकाळी हे गच्चीवर फोनवर बोलत होते. मी जिन्यात उभी होते. पलीकडं प्रज्ञा होती. "शनिवारी लातूरला येणारच हायेस तर वाकडी वाट करून जळकोटला ये. मी तिथंच असंन. अक्का तुझं नाव घेऊन राहिली सारखी. आईला बोलू नको सध्या."

मी जिन्यात तशीच खाली बसले. प्रज्ञा त्या घरात गेली की काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. ती आधी अक्कांच्या पाया पडणार, रडणार, नि म्हणणार, माझ्यामुळं झालं सगळं, आईला मी कधीच सांगितलंय. आणि हे खाटेपाशी उभे असणार.

शनिवारी हे सकाळी निघाले. "माळावर सामने हायेत, उशीर होईल," म्हणाले. मी दारापर्यंत सोडायला गेले. मग आत येऊन फोन समोर घेऊन बसले. ठिपका चाकूरच्या पुढं गेला. तेव्हा मी त्यांच्या घड्याळावर फोन लावला.

"छातीत दुखून राहिलंय," मी म्हणाले. "डाव्या हातातबी कळ यायलीय."

हे म्हणाले, "पडून राहा. शेजारच्यांना हाक मार. मी आलोच."

माळ घरापासून किती जवळ! नि ते कुठून येणार होते ते आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या छातीत काही दुखत नव्हतं. मी पाटावर बसले होते, हातात फोन. ठिपका रस्त्यात थांबला. बराच वेळ थांबलेला वाटला मला. तेवढ्यात त्यांनी प्रज्ञालाही फोन केला असणार. मग तो ठिपका वळला. तो वळताना मी पाहिला. तेव्हाही मला म्हणता आलं असतं, बरं वाटतंय, या सावकाश. एका फोनचं काम होतं. मी फोन पालथा ठेवला नि जाऊन पलंगावर पडले.

दवाखान्यात नेलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले पित्त असेल, पण संध्याकाळपर्यंत राहू द्या. प्रज्ञा नांदेडहून थेट दवाखान्यात आली, घाबरीघुबरी, लेकराला कडेवर घेऊन. हे माझा हात हातात घेऊन बसले होते. त्यांचा हात कापत होता आणि मी तो घट्ट धरला होता. असं वाटलं, सुटले. खरंच तसं वाटलं, तेही सांगून टाकते.

दिवेलागणीला घड्याळ वाजलं. यांनी ऐकलं, "कधी?" एवढंच विचारलं, आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळकोटला गेलो. अक्कांकडं बघायचं धाडस मला होईना, मी बायांत जाऊन बसले. एक शेजारीण माझ्याशेजारी सरकली. मला ओळखत असावी, ओट्यावरच्या त्या दिवशी असेलही ती तिथं. म्हणाली, "सकाळपासनं म्हनून राहिल्या व्हत्या, माझी प्रज्ञा येनार हाय, माझं पातळ बदला. दुपारपस्तोर दाराकडं तोंड करून पडल्या व्हत्या. मंग म्हनल्या, ऱ्हाऊ दे, त्यांच्याकडं काय तरी अडलं आसंल." मग तिनं विचारलं, "तुमचं दुखनं कसं हाय आता?"

"बरं आहे," मी म्हणाले.

माणूस जायचं ते जातंच, त्या दिवशी ते तिथं असते तरी अक्का गेल्याच असत्या. हे मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण त्या दाराकडं तोंड करून पडल्या होत्या, आणि दारातून कुणी आलं नाही, ते माझ्यामुळं.

तेरावं करून आम्ही लातूरला परतत होतो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, प्रज्ञा नि तिची मुलगी मागं. मूल झोपलं होतं. प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती, आणि मागून एकदम तिचा आवाज आला, "आई, अक्काआत्याला शेवटपर्यंत कळलंच नसंल का गं, की त्या उदगीरच्यांना मीच सांगितलं होतं ते? तू गेली होतीस ना तिच्याकडं? तू म्हणली होतीस, मी बघते."

गाडीत ते वाक्य पडलं. यांच्यासमोर पडलं. ज्यासाठी मी एवढं केलं होतं ते हे असं, भर रस्त्यात, तिच्या तोंडून सहज निघून गेलं.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "कळलं होतं. मी फोन केला होता त्यांना, मागच्या वर्षीच. माफी मागितली. अक्का म्हणाल्या, झालं गेलं विसरून जा."

प्रज्ञा रडायला लागली. मागून हात पुढं घालून तिनं माझा खांदा धरला. "लई बरं केलंस आई," म्हणत राहिली. "लई बरं केलंस."

यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. एवढे महिने हे अक्कांच्या खाटेपाशी बसलेले. मी फोन केला असता तर अक्का ते यांना सांगितल्यावाचून राहिल्या असत्या का? गाडी फक्त थोडी हळू झाली. चाकूरला त्यांनी टपरीपाशी थांबवली, उतरले नि माझा चहा स्वतः खिडकीपाशी आणून दिला. "साखर कमीच सांगितलीय," म्हणाले.

त्यानंतर आजवर त्यांनी मला काही विचारलेलं नाही. जेवताना काही म्हणाले, नुसतं मीठ मागितलं, तरी मी त्यात काय दडलंय ते शोधते. ठिपका दाखवणारं ते ॲप मी कधीच काढून टाकलं. आता मला ते कुठं जातात ते बघायचं नसतं. त्यांना काय माहीत आहे ते कुठल्याच यंत्रात दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञा राहायला आली होती. तिच्या मुलीनं शेजारच्या पोरीला ढकललं नि सॉरी म्हणायला तयार होईना. प्रज्ञा तिला घेऊन माझ्यासमोर आली नि म्हणाली, "बघ, आपली आजी एवढी मोठी. पण तिचं चुकलं होतं तर तिनं अक्काआजीला फोन करून माफी मागितली होती. विचार तिला." पोरगी माझ्याकडं बघत उभी राहिली. हे पलीकडं खुर्चीत पेपर वाचत होते.

मी म्हणाले, "हो. मागितली होती."

पोरगी गेली शेजारी, नि सॉरी म्हणून आली.

अक्कांना मी कधीच फोन केला नव्हता.